नवरदेवाची चोरी

१

सोमवारी सकाळी सर्व्हेअरबाईंचा फोन वाजला. खालच्या, तिसऱ्या मजल्यावरचे चीफ होते.

"बाई, जरा खाली येता का? नवरदेव गेलाय."

"गेला म्हणजे?"

"गेला म्हणजे नाहीच. टाकीत नाही, आणि मेलेलाही सापडत नाही."

बाईंनी चहाचा अर्धा कप तसाच ठेवला आणि जिना उतरल्या. विमा कंपनीत तीस वर्षं नुकसानीची पाहणी करण्यात गेली होती. जळालेली गोदामं आणि फुटलेली पिंपं बघून त्या एक गोष्ट शिकल्या होत्या. 'गेलं' असं कोणी म्हणालं की आधी काय काय होतं ते विचारायचं.

इथे काय होतं ते मात्र त्यांना तोंडपाठ होतं. चीफ जन्मभर मालवाहू बोटीवर इंजिन सांभाळत होते, म्हणून सगळे त्यांना चीफच म्हणत. निवृत्त होऊन घरी येऊन त्यांना चार वर्षं झाली आणि बायको घर सोडून गेली त्याला तीन. जाताना तिनं एक बॅग नेली. बाकी सगळं मागे राहिलं आणि त्यात ही सहा फुटी टाकी होती. समुद्राचं खारं पाणी, जांभळट दगड, त्यांवर वाढणारी प्रवाळं आणि मोजून नऊ मासे. एकेक मासा तिनं वर्ष-वर्ष विचार करून आणलेला. त्यातला बोटाएवढा, निळ्या अंगावर नारिंगी-हिरवी वेलबुट्टी असलेला, मिरवणुकीत निघाल्यासारखा संथ चालणारा तो नवरदेव. दुकानातलं नाव मँडरिन.

बाई रोज संध्याकाळी पाचला इथे चहाला येत. ते येणं माशांसाठी किती आणि चीफसाठी किती, याचा पंचनामा त्यांनी कधी केला नव्हता. साठी ओलांडलेल्या बाईनं असले पंचनामे करू नयेत, असं त्यांचं मत होतं.

"शेवटचा कधी पाहिलात?"

"शुक्रवारी सकाळी. मग मी जुन्या बोटीवाल्यांच्या मेळाव्याला गेलो. शनिवारी रात्री आलो आणि काल सकाळी नेहमीचा फोटो काढायला बसलो, तर हा नाही. दिवसभर वाट पाहिली."

"उडी मारली असेल."

"कशी मारणार?" चीफनी वर बोट दाखवलं. टाकीवरची जाळी चारही बाजूंनी चापात पक्की होती. "मेला असेल तर मात्र सापडायचा नाही. खेकडे आणि किडे मिळून एका रात्रीत फडशा पाडतात, काटासुद्धा ठेवत नाहीत."

बाई गुडघ्यांवर हात ठेवून वाकल्या आणि काचेला नाक लावून डावीकडून उजवीकडे सरकत गेल्या. मागच्या कोपऱ्यात थांबल्या. सगळे दगड जांभळे, पण तिथे मुठीएवढी जागा पांढरीफटक होती, जुना फोटो काढल्यावर भिंतीवर राहते तशी.

"मासा खेकडे खातात, चीफ," त्या म्हणाल्या. "दगड कोण खातं?"

२

घराच्या जादा किल्ल्या तीन होत्या. एक चीफच्या लेकीकडे, एक मासेवाल्या दुकानदाराकडे, कारण चीफ बाहेरगावी गेले की तो पाणी बघून जाई, आणि एक खुद्द बाईंकडे.

"म्हणजे मीही संशयित," बाई म्हणाल्या.

"तुम्ही तर पहिल्या," चीफ म्हणाले आणि सकाळपासून पहिल्यांदा हसले. ते हसले की बाईंना नजर कुठे ठेवावी ते कळत नसे. म्हणून त्यांनी ती शेजारच्या टेबलावर ठेवली. तिथे बायकोची जाड वही होती. मुखपृष्ठावर ठळक अक्षरात लिहिलेलं: 'कोणाचं कोणाशी पटतं.' प्रत्येक माशाला एक पान. काय खातो, कुठे झोपतो, कोणाच्या अंगावर जातो, कोणाला घाबरतो. चीफना ही वही तोंडपाठ होती. पान सांगा, ते ओळ म्हणून दाखवत.

बाई आधी दुसऱ्या मजल्यावर गेल्या. तिथे दाताच्या डॉक्टरांचा दवाखाना होता, बरोबर टाकीच्या खाली. टाकी हलवा म्हणून त्यांनी आजवर चार चिठ्ठ्या वर पाठवल्या होत्या. किल्ली नसली तरी कारण त्यांच्यापाशी भरपूर होतं.

डॉक्टरांनी बाईंना आधी खुर्चीत बसवलं आणि आरसा तोंडात घातला, त्यामुळे चौकशी एकतर्फी झाली.

"मासा चोरीला गेला? चोरानं पंप न्यायला हवा होता. चोवीस तास घरघर! रुग्णाला वाटतं, मीच ड्रिल चालवतोय. अजून उघडा. पण शनिवारी कमाल झाली. दुपारी चारला घरघर बंद. मला वाटलं वीज गेली, पण माझा दिवा चालू. वीस मिनिटं स्वर्ग होता. मग पुन्हा सुरू."

"आँ?" बाईंनी विचारलं.

"हो, कोणीतरी होतं ना वर. बोलत होतं. बाई की बुवा, ते स्लॅबमधून काय कळणार? पण एक सांगतो, आवाज एकच. बोलायचा, थांबायचा, पुन्हा बोलायचा. समोरच्याचं उत्तर मात्र एकदाही ऐकू आलं नाही. दाढ किडलीय तुमची."

३

मासेवाल्याचं दुकान लांबट आणि अंधारं होतं आणि दोन्ही बाजूंनी निळ्या टाक्या होत्या. दुकानदार ताडमाड उंच आणि बोलायचा मात्र कुजबुजत, मासे दचकतात म्हणून. एका गिऱ्हाइकाची त्यानं उलटतपासणी चालवली होती.

"घरात आधी कोण कोण आहे? किती वर्षांपासून? भांडखोर कोण?" गिऱ्हाईक गांगरून निघून गेलं, तेव्हा तो बाईंकडे वळला. "लोक रंग बघून मासा मागतात, मॅडम. सोयरीक जुळवताना फक्त नाक बघतो का आपण? एका तोंडवळ्याचे दोन नको. एकच खाणं खाणारे दोन नको. आणि दांडगट असेल त्याला सगळ्यांच्या शेवटी सोडायचा, नाहीतर तो अख्खी टाकी बापाची समजतो. चीफच्या बायकोला, आमच्या ताईंना, यातलं काही सांगावं लागायचं नाही. मीच त्यांना विचारायचो."

"नवरदेवाबद्दल सांगा."

"मँडरिन ना? फार गरीब मासा. दगडांवर पिसूएवढे किडे असतात, ते दिवसभर एकेक टिपत हिंडतो. वरून टाकलेलं खाणं बहुतेक शिवतच नाही. जुनी टाकी आणि जुना दगड असेल तरच जगतो."

बाईंनी शनिवारची हकिगत सांगितली. पंप बंद, वीस मिनिटं, एक दगड नाहीसा.

दुकानदार विचारात पडला. "दगड नेला म्हणजे त्याची शिदोरी नेली. नेणाऱ्याला तो जगवायचा होता. पंप बंद केला म्हणजे पाणी स्थिर करून पकडायचं ठाऊक होतं. पण वीस मिनिटं? मला काचेची बरणी द्या, पाच मिनिटांत काढतो. मॅडम, डोकं जुनं आहे यात, पण हात नवखा आहे."

"तुम्ही शनिवारी चारला कुठे होतात?"

"इथेच. कॉलेजची पोरं आली होती टाक्या बघायला, चाळीस जण. विचारा त्यांच्या सरांना, अजून माझं डोकं दुखतंय." मग तो आणखी खाली वाकला आणि आणखी हळू बोलला. "पण मॅडम, मासा कोणी नेला हे विचारताय, तर तो नेण्यासारखा का झाला तेही विचारा. अडीच महिन्यांपूर्वी चीफ आले आणि सिक्स-लाइन मागू लागले. सहा पट्ट्यांचा, चपळ, दांडगट. खाणं तेच, दगडातले किडे, पण दसपट वेगानं. मी म्हटलं, घरात मँडरिन असताना हा नेऊ नका, तो उपाशी मरेल. चीफ म्हणाले, मला माहीत आहे. आणि तरी घेऊन गेले."

४

त्या दिवशी पाचच्या चहाला बाई साखर घालायला विसरल्या, आणि ते त्यांना दुसऱ्या घोटाला कळलं.

"चीफ, सिक्स-लाइन कशाला आणलात?"

दगडांच्या फटींतून तो जांभळा-नारिंगी मासा सुईसारखा आत-बाहेर करत होता. चीफ त्याच्याकडेच बघत राहिले. "काचेवर चपटे किडे झाले होते. तो खातो ते."

"रविवारचे फोटो दाखवता?"

चीफनी निमूट फोन पुढे केला. तीन वर्षांत एकही रविवार चुकला नव्हता. सकाळी नऊला टाकीचा फोटो, लेकीला पाठवलेला. बाई एकेक फोटो मोठा करून बघत मागे गेल्या. अडीच महिन्यांपूर्वीच्या फोटोत कोपऱ्यात पहिल्यांदा सहा पट्टे दिसले. तिथून पुढे दर आठवड्याला नवरदेवाचं पोट आत गेलेलं. काच मात्र सगळ्या फोटोंत लखलखीत होती, सिक्स-लाइन यायच्या आधीही. चपटा किडा औषधालासुद्धा नाही. बाईंनी ते मनात टिपून ठेवलं आणि बोलल्या नाहीत.

फोटोंखाली लेकीची उत्तरं होती. 'दिव्याचा निळा जास्त झालाय.' 'डावीकडचं प्रवाळ पांढरं पडतंय, सावलीत घे.' 'तो पट्ट्यांचा कुठून आला? लगेच काढ.' याला चीफनी उत्तर दिलं होतं, 'राहू दे, छान दिसतो.'

"लेकीला गोडी लागलीय म्हणायची माशांची," बाई म्हणाल्या.

"हो, आताशा," चीफ म्हणाले. मग कप खाली ठेवून म्हणाले, "बाई, तुम्ही तिला भेटाच. फोनवर नको, स्वतः जाऊन भेटा."

बाईंनी फोन परत द्यायच्या आधी बाकीचे निरोपही नजरेखालून घातले. मंगळवार, गुरुवार, कुठलाही वार. 'बाळा, जेवलीस का?' 'बाळा, छत्री विसरलीस इथे.' 'पोचलीस का गं बाळा?'

काहीतरी खटकलं. काय, ते मात्र त्या क्षणी हाती लागेना.

५

लेक फिजिओथेरपिस्ट होती. दुसऱ्या दिवशी बाई तिच्या दवाखान्यात गेल्या, तेव्हा ती एका आजोबांचा खांदा फिरवत होती. आजोबा कण्हत बाहेर पडले आणि बाई त्यांच्या जागी बसल्या.

"मावशी, गुडघा का?"

"नाही गं. तुझ्या बाबांचा सिक्स-लाइन बघितलास का? मला तर बाई तो क्लाऊन माशापेक्षा बरा वाटतो."

"कुठला तो?" लेक हात पुसत म्हणाली. "मला विचाराल तर मावशी, सगळे मासे सारखेच. ओले. लहानपणापासून वैताग आहे मला त्या टाकीचा. आई-बाबा फोनवर तासन्‌तास तेच बोलायचे. हा चालेल का, तो चालेल का. मी परीक्षेत पहिली आले ते सांगायला मला रांग लावावी लागायची."

"मग डावीकडचं प्रवाळ सावलीत घे, हे दर रविवारी कोण लिहितं?"

लेकीचा पुसणारा हात थांबला.

बाईंनी आवाज चढवला नाही. "शनिवारी चारला तू किल्लीनं आत गेलीस. हेडफोन कानात, फोनचा कॅमेरा काचेला. पलीकडून कोणीतरी सांगत होतं. आधी पंप बंद कर, तो त्या दगडाखाली असेल, बरणी आडवी धर, दगडही घे. डॉक्टरांना तुझाच आवाज ऐकू आला, कारण पलीकडचं माणूस तुझ्या हेडफोनमध्ये होतं. दुकानदार असता तर स्वतःच आला असता, त्याच्याकडे किल्ली आहे. त्या टाकीतला दगड न् दगड ठाऊक असलेलं आणि त्या घराची पायरी न चढणारं माणूस एकच आहे."

लेक स्टुलावर बसली. बाहेर कोणीतरी खोकलं, तिनं उठून दार लावून घेतलं.

"पहिल्या रविवारी बाबांनी फोटो पाठवला, तो मी आईला पुढे पाठवला. तिनं लगेच लिहून दिलं, हे सांग त्यांना. मी तसंच्या तसं पाठवलं. तेव्हापासून तसंच चाललंय. रविवारी सकाळी आई नऊच्या आधी मला दोनदा फोन करते, आला का म्हणून. गेला महिनाभर रडत होती, नवरदेव वाळतोय म्हणून. शेवटी म्हणाली, काढून आण." तिनं बाईंचा हात धरला. "मावशी, बाबांना सांगू नका ना. आईनं शपथ घातलीय. छडा लागला नाही म्हणा. तुमचं ते ऐकतात."

तुमचं ते ऐकतात. हे वाक्य बाईंना नको तितकं गोड लागलं.

"पत्ता दे तिचा," त्या म्हणाल्या. "सांगायचं की नाही, ते बघून ठरवते."

६

पत्ता बाईंच्या इमारतीपासून चार थांब्यांवरचा निघाला. मैत्रिणीच्या घरामागच्या दोन खोल्या. दार उघडलं ते एका बारीक चणीच्या, पांढऱ्या केसांच्या स्त्रीनं. बाह्या कोपरापर्यंत वर केलेल्या आणि हात ओले.

"लेकीचा फोन आला आत्ताच," ती म्हणाली. "या. तो खातोय, बघा."

खिडकीखाली दोन फुटी टाकी होती. आत नुसते दगड, तीन वर्षं मुरलेले, आणि त्यांच्यावरून नवरदेव एकेक किडा टिपत, डोलत चालला होता. पोट अजून खपाटीला होतं, पण चालीत पुन्हा मिजास आली होती.

"तीन वर्षांत याच्यात एकही मासा नाही घातलात?"

"निवडायला बसले की विचारायला कोणी नसायचं," चीफची बायको म्हणाली. "हे बोटीवर असताना फोन करायचे. कुठल्या कुठल्या बंदरातून. तासभर आम्ही एका माशावर बोलायचो. आणला तर याचं त्याच्याशी पटेल का, तो याला खाऊ देईल का. आमचा सगळा संसारच फोनवर झाला म्हणा ना. फोनवर एकदाही भांडलो नाही हो. मग हे कायमचे घरी आले आणि पहिल्याच आठवड्यात माझ्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. साखरेच्या डब्यावर 'साखर.' तीस वर्षं त्यात काय आहे ते मला माहीत नव्हतं का?"

बाईंना हसू आलं. तिलाही आलं, आणि तिचं हसू अर्ध्यावर विरलं.

"वर्षभर सोसलं. मग म्हटलं, थोडे दिवस जाते. यांनी विचारलंच नाही, कधी येतेस म्हणून."

"तुम्ही सांगितलंत?"

"मी का सांगू?" ती पटकन म्हणाली. मग खिडकीकडे बघत, "रविवारी फोटो येतो, तेवढं पुरे आहे. यांना वाटतं लेकच लिहिते. बिचारे उत्तरं पण किती नीट देतात बघा."

तिनं फोन दाखवला. लेकीनं पुढे पाठवलेली चीफची उत्तरं तिनं एकूण एक जपली होती. 'सावलीत घेतलं. आता बरं वाटतं का?' 'निळा कमी केला. तुला आवडायचा तेवढाच ठेवला.' 'आज पाणी बदललं. तू असतीस तर म्हणाली असतीस, उशीर झाला.'

बाईंनी ती वाचली, पुन्हा वाचली, आणि काल संध्याकाळपासून काय खटकत होतं ते एकदम कळलं. चीफ लेकीला बाकीचे सहाही वार निरोप लिहीत. त्यातला एकही 'बाळा'शिवाय नसे. रविवारच्या या उत्तरांत मात्र 'बाळा' कुठेच नव्हतं.

७

बसमधून परतताना बाईंच्या मनात एकच वाक्य घोळत होतं. 'नुकसानीचं कारण: अज्ञात.' तीस वर्षांत त्यांनी ते दोनदाच लिहिलं होतं, आणि दोन्ही वेळा ते खरं होतं. आता तिसऱ्यांदा लिहिलं, तर कोणाचं काय बिघडणार होतं? नवरदेव जगला असता. लेकीची शपथ राहिली असती. रोज पाचला चहा झाला असता, आज आणि उद्या आणि पुढेही. चार थांबे त्यांनी हे वाक्य तोंडात घोळवलं. इमारतीपाशी उतरल्या, तेव्हा ते विरघळून गेलं होतं.

चीफ दार उघडं ठेवून बसले होते.

"लेकीनं नेला," बाई उभ्या उभ्याच म्हणाल्या. "तुमच्या बायकोच्या सांगण्यावरून. तिच्या खोलीत आहे, खातोय. रविवारची उत्तरं लेकीची नाहीत, तिची आहेत. पहिल्यापासून."

चीफच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतंच.

"आणि चीफ, हे तुम्हाला माहीत होतं." बाई खुर्चीत बसल्या. पाय थकले होते. "वही तुम्हाला पाठ आहे. सिक्स-लाइनच्या पानावर काय लिहिलंय?"

चीफनी डोळे मिटून म्हटलं, "'नवरदेव असेपर्यंत कधीही नाही.' खाली दोन रेघा."

"तरी आणलात. दुकानदारानं अडवलं, तरी आणलात. काचेवर किडे नव्हते, ते फोटोत दिसतं. तिनं काढ म्हणून लिहिलं, तरी ठेवलात. आणि त्या उत्तरांना तुम्ही कधी 'बाळा' म्हणाला नाहीत. तुम्ही कोणाला लिहिताय, ते तुम्हाला पक्कं ठाऊक होतं."

"पहिल्याच रविवारी ओळखलं," चीफ म्हणाले. "माझी लेक 'प्रवाळ' लिहिणार? ती 'ते झाडासारखं' म्हणते. तीन वर्षं आठवड्याचे सहा दिवस कसे काढायचे आणि सातव्याची वाट कशी बघायची, एवढंच केलं. मग वाटलं, पुरत नाही हे. तिला चूक बघवत नाही. फोटोत दिसेल अशी एक मोठी चूक केली, तर ती तरातरा येईल, मला चार शब्द सुनावील, जाळं मागील. मी रोज उठून त्याचं पोट बघत होतो, बाई. वाटीत जिवंत किडे वाढवून त्याच्या तोंडापाशी सोडत होतो. पण तो सहापट्टी आधी झडप घालायचा. पुढच्या आठवड्यात मीच हरून सहापट्टी काढणार होतो. त्याच्या आत ती आली, पण स्वतः नाही आली. लेकीला पाठवलं."

"मुक्या जिवाला उपाशी ठेवून निरोप धाडतात का, चीफ?"

"नाही," चीफ म्हणाले. त्यांची मान खाली गेली होती. "लाज वाटते मला."

"आणि मला कशाला बोलावलंत?"

"मी विचारलं असतं, तर लेक खोटं बोलली असती. तुमच्याशी कोणी खोटं बोलू शकत नाही."

तुमचं ते ऐकतात, तुमच्याशी कोणी खोटं बोलत नाही. दोन दिवसांत बाप-लेकींनी केवढी कौतुकं केली. बाईंनी पर्समधून कागद काढला, पत्ता लिहिला आणि टेबलावर, वहीच्या बाजूला ठेवला. लिहिताना त्यांचं अक्षर नेहमीसारखं सरळ आलं, याचं त्यांनाच नवल वाटलं.

"बसचे चार थांबे. आता जा."

"काय म्हणून जाऊ?"

"चुकलो म्हणून जा. मासा परत मागायला जा. काहीही म्हणून जा, पण फोन करू नका."

चीफ उठले, चपला घालायला लागले आणि डावी उजवीत घातली. बाईंनी ते बघितलं आणि सांगितलं नाही. दारापर्यंत गेल्यावर त्यांचं त्यांनाच कळलं.

८

रविवारी सकाळपासून खालून दगड ठेवल्याचे आवाज येत होते. सिक्स-लाइन भरल्या टाकीत कोणाच्या बापाला सापडत नाही. त्यासाठी सगळे दगड बाहेर काढावे लागतात, आणि ते काम दोघांचं. दाराच्या फटीतून वर एक ठणठणीत बायकी आवाज येत होता. "उपाशी? माझ्या नवरदेवाला उपाशी? इंजिनात तेल संपेपर्यंत थांबायचात का बोटीवर?" मग पाण्याचा खळखळाट, मग कोणीतरी ओरडलं, आणि दोघंही हसली. दाताचे डॉक्टर तक्रार करायला वर आले होते, तेही बहुधा बादली धरायला आत गेले, कारण ते तासभर खाली उतरले नाहीत.

बाई खाली गेल्या नाहीत. सोमवारी पाच वाजले, तरी त्या गेल्या नाहीत. किडलेल्या दाढेची वेळ घ्यायला फोन करावा, असा विचार करत त्या खिडकीशी बसल्या होत्या. तेवढ्यात बेल वाजली.

दारात चीफ. तीन वर्षांत ते वर पहिल्यांदाच आले होते. त्यांनी घर न बघताच खुर्ची ओढली. चेहरा सूर्यफुलासारखा उघडला होता, आणि तो कुठे लपवावा हे त्यांना कळत नव्हतं.

"तुम्ही आला नाहीत, म्हणून मीच आलो," ते म्हणाले. "बाई, पकडला त्याला. चार तास लागले. दुकानदार न्यायला आला, तर ती त्याच्यावरही ओरडली. नवरदेव सहा आठवड्यांनी परत येईल, दगडात किडे पुरते वाढले की. तोवर ती दर रविवारी बघायला येणार. कायमची येणार नाही म्हणाली, तसं स्पष्टच सांगितलं. 'माझ्या घरात आता तुम्ही आहात,' मला म्हणाली, 'माझ्या खोल्यांत मी बरी आहे.' पण रविवारी येणार. जाताना जिन्यात थांबली, आणि..."

ते थांबले. हे सगळं सांगायला त्यांना जगात आणखी कोणी नव्हतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं.

बाईंनी चहाचं आधण ठेवलं. पाठ त्यांच्याकडेच राहू दिली. पाण्याला उकळी यायला लागली, तेव्हा त्यांनी गॅस बारीक केला.

"मग?" त्यांनी विचारलं. "जिन्यात थांबून काय म्हणाल्या त्या?"

आणि चीफ सांगू लागले.